मुंबईच्या समगंध रेषा

लहानपणी पार्लं आलं हे मला कुणी सांगावं लागायचं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत साताऱ्याहून एसटीने दादर आणि तिथून लोकलने पार्ल्याला मावशीकडे. वाटेत खुणा दोनच. माहीम सुटलं की डबाभर बायका पदर नाकाला लावायच्या, म्हणजे खाडी आली. आणि सांताक्रूझ सुटल्यावर भाजलेल्या मैद्याचा, वितळत्या साखरेचा वास डब्यात शिरला की आई सामान दाराशी सरकवायची. स्टेशनच्या पूर्वेला पारले बिस्किटांचा कारखाना होता. १९२९ साली गोळ्या-चॉकलेटांनी सुरू झालेला, १९३९ पासून बिस्किटं करणारा. २०१६ साली तिथलं उत्पादन थांबलं. त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत मी मासिक वाचत बसले होते ती थेट अंधेरीला उतरले. मावशीला कारण सांगितलं तर म्हणाली, "वाचता येतं ना गं तुला? मग बोर्ड वाचायचा."

बोर्ड वाचता येतोच. मी शाळेत भूगोल शिकवते, नकाशेही वाचता येतात. पण ज्या शहरात इतकी वर्षं येत-जात राहिले, त्याचा माझ्या डोक्यातला नकाशा नाकाने काढलेला होता, हे त्या दिवशी अंधेरीच्या पुलावर उभं राहून कळलं. पुढे नववीच्या वर्गात समताप आणि समभार रेषा शिकवताना एका मुलीने विचारलं, "बाई, वासाची रेषा काढता येते का?" वर्ग हसला. पण काढता येते. केट मक्लीन नावाची ब्रिटिश डिझायनर हेच काम करते. लोकांना घेऊन शहरात चालायचं, ज्याने जे हुंगलं ते टिपायचं, आणि वारा त्या वासाला कुठवर ओढून नेतो ते समोच्च रेषांसारख्या वलयांनी कागदावर उतरवायचं. तिच्या २०११ सालच्या एडिंबराच्या नकाशात बिअरच्या भट्ट्यांचा वास नैऋत्येच्या वाऱ्यावर शहरभर पसरलेला दिसतो. अ‍ॅमस्टरडॅमला गांजाचाच वास सगळ्यांवर मात करेल असा तिचाही कयास होता; लोकांच्या वह्यांत निघाले गरम वॉफलचे गोड वास.

मुंबईचा असा नकाशा दोन दिवसांत होणार नाही, हे मान्य. तरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस रजा टाकली. मार्च मुद्दाम निवडला. वर्षाच्या मसाल्यांचं कांडप सुरू झालेलं असतं, शिवडीचे रोहित पक्षी अजून परत गेलेले नसतात, आणि सकाळचे मतलई वारे आणि दुपारचे खारे वारे यांची अदलाबदल या दिवसांत अंगाला स्पष्ट कळते. सोबत एक वही, आणि पेनाच्या टोकाला बांधलेला वीतभर लोकरीचा धागा. वारा दाखवायला याहून स्वस्त यंत्र मला माहीत नाही.

पहाटे पाचला ससून डॉकच्या फाटकातून आत शिरले. १८७५ साली ससून घराण्याने समुद्रात भर घालून ही गोदी बांधली. कापसाच्या पैशावर उभी राहिलेली ही जागा आता मासळीची आहे. बाहेरच्या रस्त्यावर 'मासळीचा वास' असा एकच शब्दप्रयोग पुरतो. आत गेल्यावर तो सुटा सुटा होतो. आधी डिझेल, मग ओला दोर, मग बर्फाच्या भुग्याचा तो थंड, जवळजवळ पत्र्यासारखा वास, आणि सगळ्यांच्या खाली कोलंबीच्या टरफलांचा उग्र, डोळ्यांत जाणारा दर्प. ओळीने उकिडव्या बसलेल्या बायका कोलंबी सोलत होत्या. बोटं इतकी झरझर चालतात की टरफलं पडल्याचा आवाज रिमझिम पावसासारखा सलग येतो. त्यावरून लिलावाचे आकडे, हातगाड्यांच्या चाकांची खडखड, "बाजू बाजू" करत अंगावर येणाऱ्या पाट्या. मोबाईलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप घेतलं होतं. त्याने लिलावाला आणि मागे येणाऱ्या टेम्पोच्या हॉर्नला जवळपास सारखाच आकडा दिला, तेव्हा ते बंद केलं.

मी वहीत काहीतरी लिहिते आहे हे पाहून एका कोळीण मावशींनी हटकलं. "काय लिवतंस गं? मोजणीवाली हायस काय?"

"नाही मावशी, इथले वास लिहून घेतेय."

त्या मनापासून हसल्या. मग समोरचा पापलेट उचलून त्यांनी माझ्या नाकाशी धरला. "हुंग. येतंय काय?" खरोखरच जवळजवळ काही येत नव्हतं, थोडा समुद्र, बस. "ताज्या म्हावऱ्याला वास नसतंय, बाय. वास आला म्हंजे येळ झाला." मी तिथे वहीतली पहिली खाडाखोड केली. 'मासे' खोडून 'टरफलं, सांडपाणी, कालचा बर्फ' असं लिहिलं. ज्याला आपण डॉकचा वास म्हणतो तो मासळीचा कमी आणि मासळी सोलल्यावर उरलेलं उचलून न नेण्याचा जास्त आहे.

तिथून नेव्ही नगरच्या वाटेवर कुलाबा वेधशाळा लागते. आत जायची परवानगी नव्हती, फाटकासमोरच्या झाडाखाली उभी राहिले. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तारे आणि वेळ पाहायला ही वेधशाळा स्थापली. १८४१ पासून इथे हवामानाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. म्हणजे या शहराला स्पर्शाने जाणून घ्यायचा पहिला पद्धतशीर उद्योग इथला. त्यात मला सगळ्यात आवडणारा प्रसंग ट्रामचा आहे. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय सुया थरथरणार, नोंदी बिघडणार. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय उपकरणं १९०४ साली समुद्रापलीकडे अलिबागला हलवली. विजेची ट्राम रस्त्यावर आली १९०७ साली. माणसांना ऐकू येणारा गोंगाट सुरू होण्याच्या तीन वर्षं आधी सुयांसाठी शांत जागा शोधून ठेवली गेली होती. माणसांसाठी अशी तजवीज कुणी केल्याचं वाचनात नाही.

याच वेधशाळेचा एक आकडा सगळ्यांना ठाऊक असायला हवा. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि इथे कुलाब्याला ७३. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. 'मुंबईत पाऊस' हे वाक्य भूगोलाच्या दृष्टीने किती पोकळ आहे ते शिकवायला मी दरवर्षी हेच दोन आकडे फळ्यावर लिहिते.

साडेअकराला मरीन लाइन्सला उतरले तेव्हा उकाड्याने जीव नकोसा झाला होता. मार्चमध्ये सकाळचा वारा जमिनीवरून, पूर्वेकडून येतो, तापलेला आणि कोरडा. समुद्राकडून वारा यायला जितका उशीर, तितका पारा वर. लोकरीचा धागा पेनाला चिकटून लोंबत होता. समुद्राकडे तोंड करून कठड्यावर बसले. साडेबाराच्या सुमारास आधी पाण्याचा रंग बदलला, लांबवर एक खरखरीत पट्टा उमटला. मग कानाच्या पाळीला गार लागलं, आणि धागा हळूहळू उठून शहराकडे बोट दाखवू लागला. खारे वारे. पाठ्यपुस्तकात याला एक आकृती आणि दोन ओळी असतात.

मी धाग्यामागोमाग निघाले, प्रिन्सेस स्ट्रीटने पूर्वेला.

हा रस्ता वाऱ्यासाठी कापलेला आहे, हे त्यावरून जाणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांना पहिला प्लेगचा रुग्ण सापडला, आणि काही महिन्यांत निम्मं शहर गाव गाठायला निघालं. रोग कशाने होतो यावर वाद चालू होते. पण सरकारचा भरवसा जुन्याच समजुतीवर होता: कोंदट, अंधारी, कुबट हवा म्हणजे रोग. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या पहिल्या कामांत होते समुद्राकडून शहराच्या पोटात शिरणारे रुंद रस्ते, इथला प्रिन्सेस स्ट्रीट आणि गिरगावच्या उत्तरेचा सँडहर्स्ट रोड. दाटीच्या वस्त्या पाडून आतपर्यंत खारं वारं न्यायचं, अशी कल्पना. नव्या चाळींना किती उजेड मिळायला हवा याचाही ट्रस्टने कोन ठरवला होता, साडेत्रेसष्ट अंश. समोरच्या इमारतीची उंची आणि मधली मोकळी जागा त्या कोनात बसली पाहिजे. कागदावर हे फार देखणं आहे. ट्रस्टने जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत, ही त्याची दुसरी बाजू. हवा खेळवण्यासाठी ज्यांची घरं गेली ती माणसं शेजारच्या गल्लीतल्या आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली.

आता धाग्याने काय सांगितलं ते. समुद्राच्या बाजूला तो आडवा, ताठ. रस्त्याच्या तोंडाशी उड्डाणपूल आहे, शेजारीच २०२४ साली खुला झालेला सागरी किनारा मार्ग सुरू होतो, आणि विसाव्या शतकात भर घालून उभ्या राहिलेल्या मरीन ड्राइव्हच्या इमारतींची रांग आहे. ते सगळं ओलांडूनही वारा आत येतो. पारसी डेअरीपाशी तुपाचा आणि आटत्या दुधाचा वास, त्यापुढे औषधांच्या घाऊक दुकानांचा खोकी-आणि-स्पिरिट असा मिश्र वास, आणि दोन्ही वास पूर्वेकडे सरकलेले. दुकान मागे पडलं तरी तूप चार दुकानं सोबत येतं. काळबादेवीच्या नाक्यापर्यंत धागा तिरका का होईना उभा होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांचा हिशेब तेवढा बरोबर म्हणायचा. मग मी सहज एका आडव्या गल्लीत वळले. दहा पावलं. धागा पडला. घामाची धार सुरू झाली, आणि वासही बदलला: ओल्या भिंती, उदबत्ती, गटार, कुणाच्या तरी खिडकीतली फोडणी. तिथे वास हलत नाहीत. आपण त्यांच्यातून चालायचं. वहीत रेष काढायची तर वाऱ्याची हद्द रस्त्याच्या कडेशीच संपत होती. समुद्राला समोरून पाहणाऱ्या घराचे भाव वेगळे असतात आणि आपण त्याला 'व्ह्यू' म्हणतो. त्या भावात दृश्य किती आणि वारा किती, ते मार्चमध्ये भर दुपारी त्या गल्लीत उभं राहून ठरवावं.

क्रॉफर्ड मार्केटात फार रेंगाळले नाही. १८६९ ची इमारत, रडयार्ड किपलिंगच्या वडिलांनी केलेली दारावरची शिल्पं, सगळं पाहिलेलं आहे. यंदाच्या पहिल्या हापूसच्या पेट्या आल्या होत्या आणि आंब्याआधी पेंढ्याचाच वास येत होता. पुढे पायधुनी. भरतीच्या खाडीतून चालून आल्यावर इथे पाय धुवायचे म्हणून पायधुनी, असं सांगतात. शेजारी उमरखाडी. आज औषधालाही पाणी नाही, पण नावांनी ओल धरून ठेवली आहे. पावसाळ्यात हिंदमातासारख्या सखल भागात पाणी तुंबलं की लोक पालिकेला शिव्या घालतात, आणि काही अंशी ते रास्तच आहे. पण सात बेटांच्या मधली भर घातलेली जमीन कुठे आहे, हे पाण्याला आपल्यापेक्षा चांगलं आठवतं.

लालबागला मात्र रेंगाळणं भाग होतं, कारण पुढे जाववेना. चिंचपोकळी स्टेशनवरून खाली उतरल्यापासून शिंका सुरू. मसाल्याच्या गल्लीत उन्हात पसरलेल्या मिरच्या, आतल्या बाजूला कांडप यंत्रांचे लोखंडी दांडे एका लयीत उखळात आपटताहेत, दुकानात उभं राहिलं तर तो ठोका पायांच्या तळव्यांतून वर येतो. बायका घरून मापं लिहून आणतात, चिठ्ठीवर ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, काश्मिरी किती किती ते ठरलेलं असतं. समोर बसून मिरच्यांचे देठ खुडतात, मसाला आपल्या डोळ्यांदेखत कांडून घेतात. आधी धणे भाजल्याचा वास येतो, मग दगडफुलाचा तो जंगली, मातकट वास, मग नागकेशर, आणि शेवटी मिरची आली की बोलणंच बंद.

दुकानदाराने विचारलं, "कुठला पाहिजे? मालवणी, आगरी, का घाटी?"

मी शिंकत होते. त्याने उत्तराची वाट न पाहता सांगितलं, "घाटी द्या रे बाईंना."

हा बाजार इथेच का, तर गिरण्यांमुळे. १८५० च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी राहिली. मग परळ, लालबाग, काळाचौकी अशी गिरणगावाची वाढ झाली. कोकणातून आणि आमच्या साताऱ्यासारख्या घाटावरच्या जिल्ह्यांतून माणसं आली. गावची चव मागवायची तर मसाला इथेच कांडायला हवा. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ काळाचौकीला साचेखात्यात होते. ते सांगायचे, खात्यात धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवायचे. बाहेर थंडी असो की ऊन, आत कायम पावसाळा, आणि नाकात कापसाचा बारीक भुसा. त्यांच्या घरी घड्याळ नव्हतं, लागतही नव्हतं. पाळीचा भोंगा वाजला की चूल, पाळीचा भोंगा वाजला की डबा. प्रत्येक गिरणीचा भोंगा वेगळा आणि आपला कोणता हे पोरांनासुद्धा कळायचं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. हे चुलत आजोबा गावी परतले तरी कित्येक वर्षं पहाटे ठरल्या वेळी उठून बसायचे. आता तिथे काचेचे मनोरे आहेत. त्यांच्या पायथ्याशी उभं राहिलं तर कानाला लागतो वातानुकूलन यंत्रांचा घरघराट, चोवीस तास, पाळीबिळी काही नाही. मसाल्याचा बाजार तेवढा टिकला. गिरण्यांनी आणलेला वास गिरण्यांपेक्षा चिवट निघाला.

संध्याकाळी शिवडी. स्टेशनपासून जेट्टीपर्यंतच्या रस्त्यावर टँकर, डांबर, तेलाची गोदामं. मग एकदम चिखल. भरती ओसरत होती आणि उघड्या पडलेल्या गाळातून सडक्या अंड्यांचा वास वर येत होता. खाजणाचा हा वास वाईट नव्हे. ऑक्सिजनविना कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर जगणाऱ्या जिवाणूंचा तो श्वास आहे. तिवरांच्या पलीकडे रोहित पक्षी उभे होते, पूर्वीपेक्षा लांब. हातात दुर्बीण असलेल्या एका काकांनी सांगितलं की पूर्वी आवाज ऐकू येतील इतके जवळ असायचे. आवाज म्हणजे बदकासारखा घोगरा कलकलाट. इतका देखणा पक्षी आणि गळा असा. डोक्यावरून १२ जानेवारी २०२४ ला खुला झालेला अटल सेतू गेला आहे, २१.८ किलोमीटर, न्हावाशेव्याकडे. गाड्यांचा सलग घोंगावता आवाज पाण्यावरून परत येतो. रोहित ज्या शेवाळावर जगतात ते इथे इतकं माजण्यात शहराच्या सांडपाण्याचाही हात आहे, असं अभ्यासक सांगतात. ज्या वासाला आपण नाक मुरडतो त्यावर ही गुलाबी गर्दी उभी आहे.

रात्री मावशीच्या जेवणाच्या टेबलावर वही उघडून दिवसभराच्या खुणा मुंबईच्या कोऱ्या नकाशावर उतरवल्या. मुंबईत वर्षाचा बराच काळ वारा पश्चिमेकडून येतो. पश्चिमेच्या कडेला गव्हर्नरांचे बंगले, जिमखाने, फिरायच्या जागा. पूर्वेला गोद्या, डेपो, तेल. आणि घाण वासाचे धंदे सतत उत्तरेला सरकलेले: कातडी कमावण्याचे कारखाने एकोणिसाव्या शतकात शहराबाहेर म्हणून धारावीला, कत्तलखाना वांद्र्याला, तिथून १९७१ साली देवनारला. कचरा आधी महालक्ष्मीच्या दलदलीत, मग कचऱ्याच्या गाडीने चेंबूरकडे. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची आहे. दर वेळी 'शहराबाहेर' म्हणून जागा निवडायची आणि दर वेळी शहर मागून येऊन तिला गाठायचं. मावशी चष्मा लावून नकाशा बघत होती. म्हणाली, "म्हणजे वास पुढे आणि बिल्डर मागे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चेंबूरजवळच्या माहुलला गेले. १९५० च्या दशकात इथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, पुढे ट्रॉम्ब्यात खतांचा कारखाना. चेंबूरला 'गॅस चेंबर' म्हणायचा विनोद त्यातून निघाला. इथला वास वहीत कसा लिहायचा हे मला कळेना. पेट्रोल पंपावर येतो तसा, पण गोडसर, आणि जिभेच्या मुळाशी बसणारा. एकच वास सतत येत राहिला की नाक थकतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत त्याची वर्दी द्यायचं थांबतं. एरवी ही देवाची दया म्हणायची. इथे मात्र भीती वाटली. वास येईनासा झाला म्हणून हवा बदललेली नसते. कारखान्यांच्या भिंतीला लागून पुनर्वसनाच्या सात-सात मजली इमारतींच्या रांगा आहेत, दोन इमारतींमध्ये इतकी कमी जागा की धागा बाहेर काढण्यातच अर्थ नव्हता. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर हजारो माणसांना इथे पाठवलं गेलं. माहुलच्या हवेने लोकांच्या आरोग्याला धोका आहे हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटलं होतं. रहिवाशांनी रस्त्यावर बसून आंदोलन केलं, कोर्टात गेले, आणि २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने लोकांना इथे राहायची सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला. प्रिन्सेस स्ट्रीटच्या काळात हवा आत आणायला माणसं हलवली होती. इथे माणसंच अशा हवेत आणून ठेवली होती.

पायऱ्यांवर तांदूळ निवडत बसलेल्या एका बाईंना विचारलं, वास कधी जास्त असतो? "रात्री. दोन-अडीचला. झोपेत खोकला येतो, तवा समजतं." रात्री वारा पडतो किंवा उलटतो, धूर खाली बसतो. माझ्या वहीत वेळेचा रकाना होता, पण पहाटे पाच ते रात्री नऊ एवढाच.

धारावीत कुंभारवाड्यापाशी उतरले. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या भट्ट्या कापसाच्या चिंध्या आणि लाकडाच्या भुश्शावर पेटतात, धूर डोळ्यांना लागतो. पण ओल्या मातीचा वास इतका ओळखीचा की पाय थबकतात. मडकं पक्कं भाजलंय का हे तिथला म्हातारा बोटाने टिचकी मारून ऐकत होता. चामड्याचा वास आता दुकानांतून येतो, कमावलेल्या तयार मालाचा. कातडी भिजवण्याचा जुना दर्प बराचसा गेला आहे, म्हणजे आणखी कुठेतरी गेला आहे.

माहीमहून लोकल पकडायच्या आधी बाजारात शिरले. सुक्या बोंबलांची एक जुडी आणि पाव किलो जवळा घेतला, वर्तमानपत्राच्या चार घड्या आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या घालून. प्लॅटफॉर्मवर दिव्यांगांच्या डब्याची जागा दाखवणारा पीं-पीं आवाज चालू होता. हातात पांढरी काठी घेतलेले एक गृहस्थ गर्दीतून त्या आवाजाच्या रोखाने सरळ चालत गेले आणि नेमके दाराच्या जागी थांबले. सगळ्या स्टेशनात नकाशा नीट वाचणारे तेवढे एकच दिसत होते. डब्यात शिरल्यावर माझ्या पिशवीमुळे दोन मुली उठून पलीकडे गेल्या. एक आजी मात्र सरकून जवळ बसल्या. "वसईचे का गं?" मी म्हटलं, माहीमला घेतले. "वसईचेच असणार," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या. खाडी आली. पदराचा जमाना गेला, आता ओढण्या नाकाला लागल्या. मिठी नदीचं पाणी काळं आणि स्थिर होतं. सांताक्रूझनंतर मी बोर्डावर लक्ष ठेवून होते.

मावशीच्या इमारतीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता दार लावून घेतलं. मी चपला काढेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला होता: 'जिन्यात तीव्र दुर्गंधी येत आहे, संबंधितांनी दखल घ्यावी.' मावशीने तो वाचून मोबाईल पालथा घातला. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट विकताना मालकाने मांसमच्छी न खाणारंच गिऱ्हाईक शोधलं होतं, तेव्हापासून हे वाढलंय, असं ती म्हणाली. मग पिशवी उघडून तिने बोंबलाचं एक टोक मोडलं, नाकाशी नेलं आणि तोंडात टाकलं.

तव्यावर तेल तापत आलं. लालबागच्या मसाल्याची पुडी तिने कात्रीने कापली. पश्चिमेच्या खिडकीतून छान वारा येत होता, पडदा आडवा झाला होता.

"हळद दे," मावशी म्हणाली, "आणि ती खिडकी लाव आधी. सगळा वास जिन्यात जाईल."